नाव कोणाचं?

आम्हा चौघांचं कापसाचे भाव दाखवणारं एक छोटं ॲप आहे. कोड खुला, कोणीही घ्या, बदला. गेल्या महिन्यात एका कंपनीने सर्व्हरचा खर्च उचलायची तयारी दाखवली. अट एकच : ॲपचं नाव त्यांच्या मालकीचं. आत्ता खर्च आमच्याच खिशातून जातो, त्यामुळे अमरावतीच्या खोलीवर रात्रभर वाद झाला.

मला सेंटओएस आठवलं. स्वयंसेवकांनी वाढवलेलं हे फुकट लिनक्स २०१४ मध्ये रेड हॅटसोबत गेलं. पैसा आला, पगारी माणसं आली, नाव कंपनीकडे गेलं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं : २०२९ पर्यंत चालणार होती ती आठवी आवृत्ती २०२१ च्या शेवटी बंद. कोड खुला होता म्हणून २०२१ मध्येच रॉकी आणि अल्मा लिनक्स उभे राहिले. कोड वाचला, नाव मात्र गेलं ते गेलंच.

अकोल्याकडे आमच्या गावात आजोबा देशी कापसाची सरकी पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवत. बाबा दर जूनला बीटीची पाकिटं आणतात. बोंडअळीत त्या पाकिटांनी हात दिला, हेही खरं. पण संकरित बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. आजोबा म्हणायचे, "बियाणं घरचं असलं का कोनाच्या तोंडाकडे पाहा लागत नाही."

सकाळी आम्ही कंपनीला लिहिलं : खर्च उचला, आभार ठळक दाखवू, नाव आमच्याकडेच राहील.

उत्तर अजून आलेलं नाही. सर्व्हरचं बिल पंचवीस तारखेला आहे.