सोमनाथची श्रमयात्रा

उन्हाळ्याच्या सुटींत थंड हवेचें ठिकाण सोडून आम्हीं चंद्रपूरची वाट धरिली, तेव्हां आप्तेष्टांस आमच्या शहाणपणाविषयीं शंका आली. मे महिन्यांतील तेथलें ऊन म्हणजे अग्निदिव्यच! परंतु घरांतील दोन मुलगे सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीस जावयाचे होते. त्यांस पोहोंचविण्याच्या निमित्तानें आत्याबाईंसह आम्हीही निघालों.

कै. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन केली व वरोड्यास आनंदवन वसविलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. मूल गांवाजवळचें सोमनाथ ही त्याच वृक्षाची शाखा. रोगमुक्त झालेल्या माणसांनीं येथें रान मोडून भातशेती उभी केली. आणि पुढें तरुणांची छावणीही येथें भरूं लागली. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं कुदळ-फावडें, दुपारीं व्याख्यानें व चर्चा, असा क्रम.

ही कल्पना तशी जुनी. पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थानें १९२० सालीं, महायुद्धांत उद्ध्वस्त झालेल्या व्हर्दूनजवळच्या एका खेड्यांत निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक नेले. १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारमध्येंही खेडीं वसविण्यास धांवून आला.

आमच्या आत्याबाईंनीं मात्र वाटण्यासाठीं जुन्या लुगड्यांचें गांठोडें आणलें होतें. तें पाहून एक वृद्ध शेतकरीण शांतपणें म्हणाली, "लुगडे राहू द्या, माय. बियाणं निवडाचं हाय, बसता काय?"

तिचीं बोटें निम्मींच उरलीं होतीं. आत्याबाई क्षणभर थबकल्या. हा रोग औषधानें पूर्ण बरा होतो, बऱ्या झालेल्या माणसापासून तो कोणास जडत नाहीं, हें आम्हां सर्वांस पुस्तकांतून ठाऊक होतें; पण पिढ्यानुपिढ्यांची शिसारी पुस्तकानें जात नाहीं. अखेर त्या बसल्या. तासाभरांत सूप दोघींमध्यें फिरूं लागलें, आणि दुपारीं त्याच हातांनीं पुढें केलेला चहा सोंवळ्याच्या आत्याबाईंनीं घेतला. मान खालीं घालावी लागली ती आम्हांस. कारण आमचा पेला अद्याप तसाच होता. तो आम्हीं मुकाट्यानें उचलला.

इकडे आमच्या मुलांनीं घातलेला बांध वांकडा झाला, तेव्हां तो मोडून पुन्हां घालावा लागला. त्यांस वाईट वाटलें; आम्हांस बरें वाटलें. पाहुण्यांच्या समाधानासाठीं बांध तसाच ठेविला असता, तर पावसाळ्यांत पाणी गांवाचें वाहून गेलें असतें. सेवेच्या यात्रा काढणाऱ्या संस्थांनीं पाळावयाचें पथ्य हेंच: काम गांवानें सांगावें, गांवानें तपासावें, आणि पाहुणा निघून गेल्यावरही तें उपयोगीं पडावें.

गांठोडें जसेंच्या तसें परत आलें. आत्याबाई गाडींत एवढेंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीं मला आधीं सांगा, सूप माझें मीच घेऊन येईन."