डब्याचे दुसरे भोक

मुलांनो, तेलाचा पत्र्याचा डबा तुम्ही कधी उघडला आहे का? लहानपणी मी त्याला एकच भोक पाडले. तेल गचके देत, थांबत थांबत पडू लागले. अम्मी म्हणाली, "अरे, दुसरे भोक पाड. हवा आत जाऊ दे."

सेसना १७२ या छोट्या विमानाच्या डाव्या पंखाखाली अशीच एक बारीक नळी असते. टाकीतले पेट्रोल कमी होते, तशी तिच्यातून हवा आत शिरते. विमान उभे असले, की कुंभारीण माशी त्या नळीत चिखलाचे घर बांधते. मग हवा अडते, पेट्रोल येईनासे होते आणि इंजिन आकाशातच बंद पडू शकते! म्हणून नळीला बूच लावतात. पण ते बूचच काढायचे राहिले तर? त्यासाठी त्याला लांब लाल फीत बांधलेली असते. तरीही उड्डाणापूर्वी वैमानिक वाकून नळी पाहतोच.