लोणच्याची बरणी आणि मायकोप्लाझ्मा

परवा आईशी फोनवर बोलताना लोणच्याचा विषय निघाला आणि मी एकदम पातूरच्या घरात जाऊन पोचले.

मे महिन्यात आमच्याकडे लोणचं घालायचं म्हणजे ऑपरेशन थिएटरची शिस्त! आजी चिनी मातीची मोठी बरणी धुऊन दोन दिवस उन्हात तापवायची. मग निखाऱ्यावर हिंग टाकून तिला धुरी द्यायची. फोडी कपड्यावर वाळलेल्या, हात कोरडे, बांगड्या वर सारलेल्या. लोणच्यावर चार बोटं तेल, तोंडाला दादरा. मोठी बरणी रोज उघडायची नाही. आठवड्यापुरतं लहान बरणीत काढून घ्यायचं.

मी तेरा वर्षांची असताना एका पावसाळ्यात त्या बरणीत पांढरी बुरशी धरली. वर्षभराचं लोणचं गेलं. आजीनं कारण शोधायला एक मिनिटही घेतलं नाही. "पोट्टीचा विटायाचा हात लागला असन." मी 'त्या' दिवसांत एक फोड चोरून खाल्ली होती, हे खरं होतं. त्यामुळे मला बोलताही येईना. पुढची कितीतरी वर्षं लोणचं घालताना मी दाराशी बसून नुसती बघत असे.

असो.

पुढे मी सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवणाऱ्या एका लॅबमध्ये शिरले आणि पहिल्याच दिवशी वाटलं, अरे, हे तर आजीचंच चाललंय! हातांवर, हातमोज्यांवर, प्रत्येक बाटलीवर ७० टक्के अल्कोहोल. (शंभर टक्के का नाही? तर थोडं पाणी असल्याशिवाय ते जंतूंच्या प्रथिनांवर नीट काम करत नाही, आणि उडूनही लगेच जातं.) हूडमध्ये गाळलेल्या हवेचा झोत, उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही, पिपेटचं टोक कशालाही टेकलं की फेकून द्यायचं. मीडियमची मोठी बाटली रोज उघडायची नाही, लहान बाटल्यांत वाटून ठेवायचं. म्हणजे लहान बरणीच की!

एवढा जाच कशासाठी? पेशी लाडावलेल्या असतात. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, साखर, अमिनो आम्लं, वासराचं सीरम... त्यातही पेशी दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेते. त्याच पंगतीत शिरलेला जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी फ्लास्क बघावा तर लाल मीडियम पिवळं आणि गढूळ. वाईट वाटतं, पण निदान दिसतं तरी. टाकून द्या, पुन्हा सुरू करा.

खरी भीती न दिसणाऱ्याची. मायकोप्लाझ्मा नावाचा एक अतिसूक्ष्म जिवाणू आहे. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. मिलीलीटरला कोटीच्या घरात वाढला तरी मीडियम स्वच्छच. पेशी मरत नाहीत, फक्त वेगळं वागू लागतात. आणि तुम्ही त्या वागण्याचे आलेख काढत बसता.

हे शास्त्र आपल्याकडे कसं आलं, त्याची गोष्ट मला फार आवडते. बाल्टिमोरला जॉर्ज गाय (आडनावाचा उच्चार खरंच 'गाय'!) यांच्या लॅबमध्ये १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून हीला पेशी वाढल्या. तिथली निर्जंतुकतेची कडक शिस्त त्यांची पत्नी मार्गारेट हिची. ती शस्त्रक्रियेच्या कामात शिकलेली परिचारिका. त्याच गाय यांच्याकडे आपल्या पुण्याच्या कमल रणदिवे पीएच.डी.नंतर शिकायला गेल्या आणि परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. म्हणजे ही विद्या पुस्तकातून नाही, हातातून हातात आली.

आणि गंमत बघा, त्याच हीला पेशींनी पुढे जगभर घोळ घातला. १९६६ मध्ये स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिलं, की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या वीसेक पेशी-वाणांत प्रत्यक्षात हीलाच वाढत होत्या. एखादा थेंब, एखादी चुकीची पिपेट. पुष्कळांना ते ऐकायचंच नव्हतं. कोण म्हणणार, की माझ्याच हातून झालं?

हे मला कळलं ते आमच्यावर पाळी आली तेव्हा. आमच्या पेशी अचानक मंदावल्या. चाचणी केली तर मायकोप्लाझ्मा. लॅबमध्ये दोन महिन्यांपूर्वी एक नवा मुलगा आला होता. खेड्यातून आलेला, हात जरा थरथरायचा. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. आणि "हात नवा आहे ना," हे मी म्हणाले. मी! तो खाली बघत राहिला. काहीच बोलला नाही.

शोध घ्यायचा म्हणून द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या जुन्या कुप्या आम्ही एकेक करून वितळवून तपासल्या. तो मुलगा येण्याच्या महिनाभर आधीची कुपीसुद्धा बाधित निघाली. त्याआधीच्या स्वच्छ. चिठ्ठीवर अक्षर माझं. मग आठवलं. त्या दोन तारखांच्या मधे मी शेजारच्या लॅबमधून एक फ्लास्क उसना आणला होता. बाहेरच्या पेशी आधी वेगळ्या ठेवायच्या, तपासायच्या, मगच आपल्या इनक्युबेटरमध्ये घ्यायच्या, हा नियम मीच सगळ्यांना शिकवत असे. त्या दिवशी घाई होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कुपीचं कुणालाच नीट लक्षात आलं नव्हतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण डोळ्यांसमोर तो खाली बघणारा मुलगा येई, आणि दाराशी बसलेली तेरा वर्षांची मुलगी.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं. सहा महिन्यांचं काम बाद झालं, इनक्युबेटर रिकामा करून पुसला, पेशी पुन्हा पहिल्यापासून. त्या मुलाची माफी मागितली तर तो म्हणाला, "राहू द्या मॅडम." त्याच्या जागी मीही तेच म्हणाले असते, म्हणून ते ऐकून बरं वाटलं नाही.

तर परवा हे सगळं आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या वर्षी तेल महाग होतं वं. आजीनं कमी घातलं होतं. फोडी वर उघड्या पडल्या होत्या, म्या पाह्यलं होतं."

"मग बोलली काहून नाही?"

"सासूले कोण सांगन?"

मला आजीचा राग नाही आला. तिची बरणी, धुरी, कोरडे हात... सगळं शास्त्रशुद्धच होतं. आजही मी तेच करते. फक्त एक फरक आहे. तिचं सोवळं विचारायचं, कोणी शिवलं? लॅब विचारते, काय शिवलं, कधी, आणि नोंद कुठे आहे? आणि त्या नोंदीत पहिलं नाव आपलंच तपासायचं असतं.

आता नवी मुलं येतात तेव्हा अल्कोहोलची बाटली हातात द्यायच्या आधी मी त्यांना वही देते. काय सांडलं, काय टेकलं, काय उसनं आणलं, ते लिहा म्हणते. पहिल्या पानावर तो उसन्या फ्लास्कचा दिवस तारखेसकट लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात.

आणि हो, यंदा मे महिन्यात पातूरला जाणार आहे. बरणी मी भरणार. तेल चार बोटं!