दहाव्यानंतरची पुस्तकं

आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्यापर्यंत पुस्तकाची गरज पडत नाही, कारण तोवर सगळं बोलायला दुसरीच माणसं असतात. दौंडला भीमेच्या घाटावर माझ्या धाकट्या भावाची दशक्रिया झाली, तेव्हा आधी महाराजांचं प्रवचन झालं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. पुणे जिल्ह्यात आता ही रीतच पडली आहे. आजी, माजी, भावी असे सगळे बोलून घेतात, आणि त्यांतल्या निम्म्यांनी गेलेल्याला कधी पाहिलेलंही नसतं. भाऊ कारखान्यात नोकरीला होता, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती, राजकारणात त्याला काडीचा रस नव्हता. तरी समाजाची कधीही भरून न येणारी हानी झाली ती झालीच. आई, भावजय आणि मी तोंडाला पदर लावून ऐकत होतो.

पुस्तकं आली ती त्यानंतर. मी शिरूरला राहते, घरातच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. माझं वाचन म्हणजे दिवाळी अंक आणि वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या, त्याही लाइट गेल्यावर. मशीनला मोटर बसवल्यापासून लाइट गेली की हात रिकामे होतात. संध्याकाळनंतर बिबट्याच्या भीतीनं आमच्या भागात कुणी उगाच बाहेर पडत नाही, त्यामुळे तोही वेळ वाचण्यात जातो. तर, ही वाचते म्हटल्यावर भेटायला येणाऱ्यांनी पुस्तकं आणायला सुरुवात केली. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर उगवता सूर्य होता आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चौकटीत पाच मुद्दे. दुसऱ्यात दुःखाच्या पायऱ्या दिलेल्या: नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि शेवटी स्वीकार. मी खरंच तपासत बसायचे, आज आपण कुठल्या पायरीवर आहोत. सकाळी स्वीकार झालेला असायचा आणि संध्याकाळी मी भावाचा नंबर लावून बघत असायचे.

माझी मुलगी पुण्याला मानसशास्त्र शिकते. तिनं सांगितलं की एलिझाबेथ क्युब्लर-रॉस नावाच्या डॉक्टरबाईंनी 1969 साली या पायऱ्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात त्या नंतर पडल्या. हे ऐकून मला फार सुटल्यासारखं झालं. पुस्तक ज्याचं त्याला देऊन टाकलं.

त्याच मुलीच्या कपाटात 'कोसला' होती. नेमाड्यांची ही 1963 सालची कादंबरी मी पूर्वी सुरू करून सोडून दिली होती. पांडुरंग सांगवीकरचं पुण्यातलं हॉस्टेल, मित्र, वायफळ गप्पा, यात माझं मन लागत नव्हतं. पण त्यात त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते, आणि तो तेव्हा तिच्याजवळ नसतो. मीही नव्हते. शिरूरहून दौंडला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या पानांत कुणी कुणाची समजूत घालत नाही. नुसता संताप आहे, घरच्यांवर, जगण्यावर, सगळ्यावर. मला घाटावर भाषणं करणाऱ्यांचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर भावाच्या वयाच्या, धडधाकट हिंडणाऱ्या प्रत्येक माणसाचा आला होता. असा राग येतो, हे कुणीतरी साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय म्हटल्यावर आपण वाईट नाही आहोत एवढं कळलं. ती पानं मी पुन्हापुन्हा वाचली. पुढची कादंबरी मात्र अजून वाचलेली नाही. नेमाडे माफ करतील.

मग वाचनालयातल्या बाईंना सांगितलं, रडकं काही नको. त्यांनी 'स्मृतिचित्रे' हातात ठेवलं. जाडजूड, पुठ्ठ्याचं बाइंडिंग केलेलं, पानांच्या कडेला आधीच्या वाचकांच्या पेन्सिलीच्या खुणा. कुठे 'वा!', कुठे 'खरं आहे', आणि एके ठिकाणी बायकी अक्षरात 'असा नवरा नको गं बाई'. ग्रंथपाल अशा लिहिणाऱ्यांवर चिडतात. मला मात्र त्या खुणांची सोबत झाली.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. जन्म 1868चा. नवरा नारायण वामन टिळक, मोठे कवी, आणि संसाराच्या दृष्टीनं अवघड माणूस. ते 1895 साली ख्रिस्ती झाले आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे 1900 साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या संसाराचा मोठा काळ अहमदनगरला गेला, म्हणजे आमच्या घोडनदीच्या पुलावरून पुढे गेलं की लागतं ते शहर. पोटची लेकरं गेली, नातेवाईक तुटले, पैशाची कायम ओढाताण. या सगळ्यातून गेलेली बाई सांगताना अशी सांगते की हसू आवरत नाही. पहिला भाग 1934 साली निघाला. त्या 1936 साली गेल्या, आणि राहिलेलं मुलानं, देवदत्त टिळकांनी पुरं केलं. भाऊ गेल्यावर मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले ते हे पुस्तक वाचताना. हसल्यावर लगेच दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

पण या पुस्तकाचं खरं काम झालं ते दौंडला. माझे वडील रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाल्यावर दौंडातच घर बांधलं, तेही आता नाहीत. आईला सहीपुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही. दहाव्यानंतर तिनं बोलणंच सोडलं होतं. जेवतेस का, हो. झोपतेस का, नाही. संपलं. गेले की मी तिच्याजवळ बसायचे आणि दोघी पंख्याचा आवाज ऐकायचो. एकदा कंटाळून पिशवीतलं पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. टिळक कुणाला न सांगता घरातून निघून जातात, असं काहीतरी चाललं होतं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "आन् ही काय करत होती? जाऊ दिलं?"

"त्यांनी सांगितलं तर ना!"

"पायाला दोर बांधायचा व्हता."

त्यानंतरच्या खेपेला मी चपला काढतेय तोच आतून आवाज, "आला का गं तो परत?" टिळकांचा तिनं पार निकाल लावला. असल्या माणसाला पोरगी देणाऱ्याचाही लावला. मग गाडी माझ्या वडिलांवर आली, मनमाडच्या लाइनला ड्युटीवर गेले की दोन-दोन दिवस निरोप कसा नसायचा ते. आणि तिथून, मी काही न विचारता, भावावर. लहानपणी तो एकटाच स्टेशनात जाऊन मालगाडीचे डबे मोजत बसला होता आणि घरचे नदीकाठी शोधत होते, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. सांगताना ती रडली, मग डबे किती होते ते आठवायला लागली.

मी तिला म्हटलं असतं, आई, मन मोकळं कर, तर ती आणखी मिटली असती. घाटावर बोललेल्या सगळ्यांनी तेच केलं, थेट दुःखालाच हात घातला. टिळकांच्या घरात शिरायला तिला कसलीच भीती नव्हती, आणि तिथूनच ती आमच्या घरात परत आली. पुस्तकाचा उपयोग मला कळला आहे तो एवढाच, पण हा उपयोग लहान नाही.

शिरूरहून दौंडला जायला मी कधी काष्टीवरून जाते, कधी न्हावरा, पारगाव, केडगाव, चौफुला असं. उसाच्या दिवसांत या दुसऱ्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे एसटी नुसती सरपटते. भीमा ओलांडली की गुऱ्हाळांचा वास सुरू होतो. केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. लहानपणी रेल्वेनं पुण्याला जातानाही केडगाव स्टेशन लागायचं, पण रमाबाई म्हणजे आमच्या लेखी परीक्षेतला दोन मार्कांचा प्रश्न. 'स्मृतिचित्रे' संपल्यावर वाचनालयातून त्यांचं चरित्र आणलं ते निव्वळ रस्त्यात लागतं म्हणून.

त्यांना मरणं किती जवळून पाहावी लागली ते वाचून मी थक्क झाले. जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवणारे. दुष्काळात अन्नान्न करत आई-वडील गेले, बहीण गेली. भावंडं पायी हिंडत कलकत्त्याला पोहोचली, तर 1880 साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 साली नवरा कॉलऱ्यानं गेला. पदरात तान्ही मनोरमा. तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्याही नव्हत्या. पुढे 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुण्याला हलवलं, आणि 1896-97च्या दुष्काळात उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना केडगावच्या माळावर आणलं. धर्मांतरावरून त्यांच्यावर तेव्हा टीकेचा भडिमार झाला, अजूनही होतो. त्या वादात मला पडायचं नाही. माझं लक्ष अडकलं ते छापखान्यावर. दुष्काळातून आलेल्या त्या मुली खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि ते केडगावातच छापलं गेलं. मनोरमा 1921 साली गेली. त्यानंतरही आईनं काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922ला त्या स्वतः गेल्या. पुस्तक पुरं छापून निघालं 1924 साली.

हे चरित्र मी मोठ्या उत्साहानं भावजयीला नेऊन दिलं. तिला त्याची गरज आहे असं माझं गणित होतं. दहाव्याला काही बायका तिच्या गळ्यातलं काढायला पुढे झाल्या होत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे 2022मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ सरकारचं परिपत्रक निघालं, पण ते आमच्या घाटापर्यंत आलेलं नव्हतं. "राहू द्या तिच्या गळ्यात," आई म्हणाली होती, आणि मगच गप्प झाली होती.

भावजयीनं पुस्तक तसंच परत केलं. "ताई, तुम्ही वाचता, तुम्हाला बरं वाटतं. मला दुसरी ओळ वाचली की पहिली आठवत नाही." मग कळलं की ती रात्र-रात्र जागी असते, भाजीत मीठ टाकलं की नाही हे तिला कळत नाही, आणि पोराला आजीकडे ठेवलं तर चालेल का, असं तिनं आईला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. हे ऐकून मुलगी फोनवर ओरडलीच, पुस्तकं बास कर, आधी डॉक्टर. पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या, बोलणं, पुन्हा गोळ्या, असे कितीतरी महिने गेले. शेजारच्यांनी वेडाच्या गोळ्या म्हणून जे बोलायचं ते बोलून घेतलं. आता ती झोपते, खाते, एका दुकानात हिशेब लिहायला जाते. रमाबाई तिनं अजूनही वाचलेल्या नाहीत. संध्याकाळी ती मालिका बघते, आणि आवाज मोठा ठेवते म्हणून आई कुरकुरते, कारण तिला 'बनगरवाडी' ऐकायची असते.

तेव्हा भेटायला जाताना उगवत्या सूर्याची पुस्तकं नेऊ नका. जमलं तर एखादं गोष्टीचं न्या, आणि घरात वाचता न येणारं कुणी असेल तर थोडा वेळ बसून मोठ्यानं वाचा. पण त्याआधी झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा होतो का, हे स्पष्ट विचारा. उत्तर ऐकून काळजी वाटली तर पुस्तक पिशवीतच राहू द्या आणि डॉक्टर गाठा. गावात डॉक्टर नसेल तर 2022 साली सुरू झालेल्या सरकारी टेली-मानसचा 14416 हा नंबर फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.