विचारतात की सांगतात?

इंदापूर,
२६ जून २०२५

चि. निखिल,

बारामतीहून तू पाठवलेलं पत्र मिळालं. संस्थेचे अध्यक्ष तुला सल्लागार म्हणून बोलावताहेत. पगार चांगला आहे, काम आवडीचं आहे, पण त्यांच्या शब्दापुढं तिथं कुणी ब्र काढत नाही. अशा ठिकाणी आत शिरून चार चांगली कामं करावीत की लांबूनच नमस्कार करावा, असं तू विचारतोस. हे फोनवर उरकण्यासारखं नाही. शिवाय आजची तारीख बघ. पन्नास वर्षांपूर्वी याच सकाळी महाराष्ट्रातल्या एका अत्यंत जाणत्या माणसापुढं हाच प्रश्न येऊन उभा राहिला होता.

मी यशवंतराव चव्हाणांविषयी म्हणतोय. आपल्या तालुक्यात त्यांचं नाव पाण्यावर आहे. उजनीच्या जलाशयाला कागदोपत्री यशवंतसागर म्हणतात. त्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे आणि त्याच पाण्याखाली कितीतरी गावांची घरंदारं गेली. ऐन उन्हाळ्यात धरण उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते तू पाहिलं आहेस. गरिबांच्या मुलांना फी माफ करणारी ईबीसीची सवलत याच माणसाची. वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातली पोरं तिच्यामुळं कॉलेजची पायरी चढली. मी त्यांतलाच एक. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात आल्या. १९६७ मध्ये बारामतीतून पहिल्यांदा विधानसभेवर गेलेल्या तरुण शरद पवारांच्या पाठीवर त्यांचाच हात होता. तेव्हा पुढचं जे लिहितो आहे, ते त्यांचं ऋण मानूनच लिहितो आहे.

यशवंतराव पेटून उठणाऱ्यांतले नव्हते. घडी मोडायची नाही, संस्था जपायच्या, तुटेल इतकं ताणायचं नाही, हा त्यांचा पिंड. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सारा मराठी मुलूख रस्त्यावर असताना ते काँग्रेसमध्ये, नेहरूंच्या बाजूला राहिले. लोकांनी शिव्या घातल्या. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली आणि स्वतः यशवंतराव कराडमधून जेमतेम निवडून आले. पण मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य टिकणार नाही, हे आत राहून ते दिल्लीच्या गळी उतरवत राहिले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा मंगल कलश त्यांच्याच हातून आला. बाहेरच्या चळवळीचा रेटा नसता तर तो आला नसता, हे खरं. तितकंच हेही खरं, की आत बसून समजावणारा कुणी नसता तर आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. आत राहण्याचा मार्ग त्यांना एकदा असा फळला होता. माझ्या मते त्यांच्या पुढच्या चुकीचं मूळ या यशातच आहे.

आता २६ जून १९७५ ची सकाळ बघ. आदल्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केलेली. जयप्रकाश नारायण, मोरारजी देसाई हे विरोधी नेते पहाटेपूर्वीच अटकेत. सकाळी सहाला पंतप्रधान इंदिराबाईंनी मंत्रिमंडळ बोलावलं. मंत्र्यांना विचारायचं काही उरलंच नव्हतं, जे झालं ते सांगायचं होतं. संरक्षणमंत्री स्वर्णसिंगांनी तेवढी शंका काढली. वर्ष संपायच्या आत त्यांचं मंत्रिपद गेलं. परराष्ट्रमंत्री यशवंतराव गप्प राहिले. विशीत येरवड्याचा तुरुंग पाहिलेला, बेचाळीसमध्ये साताऱ्यात भूमिगत राहिलेला हा माणूस. येरवडा पुन्हा राजबंद्यांनी भरला तेव्हा तो सरकारात बसलेला होता, आणि परदेशात सरकारची बाजू मांडण्याचं कामही त्याच्याच वाट्याला आलं.

बोलणं तेव्हा अशक्य होतं असंही नाही. पुण्याचे खासदार मोहन धारिया त्याच मंत्रिमंडळात राज्यमंत्री होते. जयप्रकाशांशी बोलणी करा, असं त्यांनी उघड सांगितलं आणि मार्च १९७५ मध्येच त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९७७ मध्ये पुण्यानं त्यांना पुन्हा लोकसभेवर पाठवलं.

डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन भरलं. गाव यशवंतरावांचं, स्वागताध्यक्षही तेच. अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत. जयप्रकाशांची मूत्रपिंडं निकामी झालेली, मुंबईच्या जसलोकमध्ये ते मृत्यूशी झुंजत होते. दुर्गाबाईंनी आणीबाणीविरुद्ध तोंड उघडलं आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायचं आवाहन भर संमेलनात केलं. यजमान केंद्रीय मंत्री, आणि ज्याला त्यांच्या सरकारनं डांबलं त्याच्यासाठी त्यांच्याच मांडवात प्रार्थना! दुर्गाबाईंकडं ना पद होतं ना पक्ष. पुढच्या वर्षी त्यांनाही तुरुंगात टाकलं. यशवंतराव रसिक होते, जाणते होते. बाई काय म्हणताहेत हे त्या मांडवात त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? कळत असून न बोलणं हे न कळण्यापेक्षा जड असतं.

त्यांची बाजूही मांडायला हवी. ते बाहेर पडते तर महाराष्ट्रात त्यांच्यामागं उभी असलेली माणसं, कारखाने, बँका, शिक्षणसंस्था उघड्यावर पडल्या असत्या. एका माणसाच्या स्वाभिमानासाठी हजारोंचा संसार पणाला का लावायचा, हा विचार हलका नाही. आत राहणाऱ्या प्रत्येक सज्जनाच्या मनात तो असतो, तुझ्याही असेल. पण या विचाराला तळ नसतो. आज संस्थेसाठी गप्प, उद्या माणसांसाठी, परवा नुसत्या सवयीनं.

फेब्रुवारी १९७७ मध्ये केंद्रीय मंत्री जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले, यशवंतराव तेव्हाही राहिले. मार्चमध्ये लोकांनी निकाल दिला. साताऱ्यानं यशवंतरावांना निवडून दिलं, पण आपल्या बारामती मतदारसंघात, जिथं काँग्रेसनं कालवे दिले, कारखाने दिले, तिथल्या लोकांनी जनता पक्षाच्या संभाजीराव काकड्यांना लोकसभेवर पाठवलं. ऊस घेतला म्हणून माणसं मत गहाण टाकत नाहीत. पुढं १९७८ मध्ये काँग्रेस फुटली तेव्हा यशवंतराव इंदिराबाईंच्या विरोधात गेले, १९७९ मध्ये चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले आणि १९८१ मध्ये पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. बोलायची वेळ टळून गेल्यावरच्या त्यांच्या जाण्याला वजन आलं नाही, आणि येण्याला मान मिळाला नाही. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत ते गेले.

निखिल, नेहरू त्यांचं ऐकत होते म्हणून १९६० साल आलं. १९७५ मध्ये ऐकणारा कानच उरला नव्हता. मार्ग तोच, माणूस तोच, धनी बदलला होता, आणि हे ओळखूनही त्यांनी पाऊल उचललं नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की अध्यक्ष कडक आहेत की मवाळ याचा घोळ घालू नकोस. ते निर्णयाआधी विचारतात की निर्णयानंतर सांगतात, एवढं बघ. विचारत असतील तर खुशाल रुजू हो, कितीही तापट असोत. न पटलेलं स्पष्ट सांग, जमेल तिथं लेखी दे. आपण कुठल्या गोष्टीवर उठायचं, ते आत पाऊल टाकण्याआधीच ठरव आणि घरी सांगून ठेव, कारण एकदा खुर्चीत बसल्यावर ती रेघ रोज थोडी मागं सरकते. आणि नुसतं सांगायला लागले, तर त्याच आठवड्यात बोल आणि बाहेर पड. सल्लागाराचं शहाणपण वेळेवर बोलण्यात आहे. उशिरा बोललेलं खरंही कुणी हिशेबात धरत नाही.

ताईला नमस्कार सांग, सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा
मामा