तिखट नूडल्स आणि ऐंशीतली भूक

घरातील वृद्ध माणूस जेवणाविषयी कुरकुर करीत असेल, तर फारशी चिंता करू नये. आमटी पातळ झाली, भाकरी जाड झाली, भाजीला चव नाही, असे म्हणणाऱ्याची अन्नावरची वासना शाबूत असते. काळजी करावी ती कुरकुर थांबल्यावर. ताट पुढे यावे, चार घास खाल्ले जावेत आणि एक शब्दही न बोलता ते हलकेच दूर सारले जावे, असे आपल्या घरी घडू लागले असेल, तर हा लेख ताट वाढणाऱ्यांसाठी आहे आणि ते सारणाऱ्यांसाठीही. विषय तिखट नूडल्सचा आहे. आरोग्याच्या पाक्षिकात नूडल्स कशा, म्हणून आपल्या भुवया उंचावल्या असतील. पण थोडा धीर धरावा.

माझे सासरे, आम्ही सारे त्यांना आप्पा म्हणतो, ८२ वर्षांचे आहेत. जन्म आणि नोकरी दोन्ही कोल्हापुरात, तेव्हा जीभ कशावर पोसली गेली हे वेगळे सांगायला नको. रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले, ते योग्यच होते. परंतु घरोघरी होते तेच आमच्याकडेही झाले. मीठ कमी झाले, त्याच्या पाठोपाठ तिखट गेले, मग आंबट गेले, आणि ताटात उरले ते मऊ, पांढरे, निरुपद्रवी अन्न. सहा महिन्यांत आप्पांचे वजन ६१ किलोंवरून ५७ वर आले. बोटातली अंगठी घसरू लागली म्हणून त्यांनी तिला आतून दोरा गुंडाळला. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवावी : काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर ते 'वयोमानाने' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. आम्ही दाखवले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, कवळी नीट बसते का ते पाहिले गेले, गोळ्यांची यादी तपासली गेली. मोठे असे काही निघाले नाही. आप्पांना खावेसेच वाटत नव्हते.

एका संध्याकाळी नातू स्वतःसाठी नूडल्स करून त्यांच्या शेजारी येऊन बसला. लसणाचा वास खोलीभर झाला होता. आप्पा बराच वेळ त्या वाडग्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "सूनबाई, यातलं थोडं माझ्या वाटीत घाल की." कित्येक महिन्यांत त्यांनी मागून घेतलेला तो पहिला पदार्थ होता.

पुडीतला मसाला त्यांना देणे शक्य नव्हते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सुमारे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, सुचवते. झटपट नूडल्सच्या पाकिटावर सोडियमचा आकडा बारीक अक्षरांत छापलेला असतो. चष्मा लावून तो एकदा वाचावा, एका वाडग्यात दिवसाचा केवढा वाटा संपतो ते कळेल. शिवाय त्यांतील बहुतेक नूडल्स तळून वाळवलेल्या असतात. तेव्हा पाकीट नको. पण तिखटाचे काय? आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सरळ विचारले, "आप्पांना आम्लपित्त आहे? अल्सर? मूळव्याध किंवा फिशर?" यांपैकी काहीच नव्हते. "मग मीठ आवरा. तिखट कशाला बंद करता?"

या प्रश्नामागचे शास्त्र जाणून घेण्याजोगे आहे. वयाबरोबर चव मंदावते असे आपण म्हणतो, पण अधिक मंदावतो तो गंध. आणि ज्याला आपण पदार्थाची चव म्हणतो, तिचा मोठा भाग गंधाचाच असतो. तिखटाची गोष्ट निराळी आहे. आयुर्वेदाने कटू हा सहा रसांपैकी एक मानला आहे. आधुनिक शरीरशास्त्र मात्र तिखटाला चव मानीत नाही. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य, उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. ज्या ग्राहकाद्वारे हे घडते तो शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सांगायचे एवढेच, की तिखटाची वाट नाकातून किंवा चवीच्या कळ्यांतून जात नाही. त्यामुळे गंध मंदावलेल्या माणसालाही ते जाणवते आणि अळणी घासाला जाग आणते. आंबटही मिठाची उणीव बरीच झाकते. मीठ काढून घ्यायचे असेल, तर तिखट आणि आंबट यांना ताटात राहू द्यावे, असे माझे मत झाले आहे. अर्थात ज्यांना सोसते त्यांच्यासाठी.

आता कृती. चीनच्या शान्शी प्रांतात, जिथे शीआन हे प्राचीन शहर आहे, तिथे एक साधा प्रकार घरोघरी होतो. उकडलेल्या रुंद नूडल्सवर लाल तिखट आणि लसूण ठेवायचा आणि वरून कडकडीत तेल ओतायचे. पदार्थाच्या नावाचा अर्थच तेल ओतलेल्या नूडल्स असा आहे. वाचताना आपल्या मनात आले असेल, की ही तर वरून घातलेली फोडणी! तसेच आहे. म्हणूनच तो आपल्या स्वयंपाकघरात उपऱ्यासारखा वाटत नाही. लागणारे जवळजवळ सारे मिसळणाच्या डब्यात आणि फडताळात असते.

एका वृद्ध माणसासाठी ५० ग्रॅम कोरड्या, न तळलेल्या नूडल्स पुरतात. गव्हाच्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर हक्का नूडल्स म्हणून मिळतात त्या चालतील. त्या कच्च्या असतानाच इंच-दीड इंचाचे तुकडे मोडून घ्याव्यात. पातेल्यात भरपूर पाणी उकळावे, त्यात मीठ मुळीच घालू नये. नूडल्स पाकिटावर सांगितल्यापेक्षा मिनिटभर अधिक शिजवाव्यात. बोटांत सहज चिरडल्या गेल्या पाहिजेत. शेवटच्या दोन मिनिटांत त्याच पाण्यात किसलेले गाजर आणि अगदी बारीक चिरलेला कोबी टाकावा. रोळीत निथळण्यापूर्वी अर्धी वाटी पाणी बाजूला काढून ठेवावे, पुढे उपयोगी पडते.

नूडल्स खोलगट वाडग्यात घ्याव्यात. मधोमध ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, अर्धा ते एक चमचा ब्याडगी मिरचीचे तिखट आणि चमचाभर भाजलेल्या तिळांची पूड. ब्याडगीच घ्यावी, कारण तिचा रंग गडद आणि जाळ कमी. डोळ्यांचे समाधान होते आणि पोटावर अन्याय होत नाही. लवंगी मिरचीचा इथे काही संबंध नाही. फोडणीच्या कढल्यात तीन चमचे शेंगदाण्याचे तेल तापवावे. त्यात मोहरीचा दाणा तडतडला की गॅस बंद करून पंधरा-वीस सेकंद थांबावे, नाहीतर तिखट करपून कडू होते. मग ते बेताबेताने तिखट-लसणावर ओतावे. चर्र आवाज होतो, वास उठतो. ज्यांच्यासाठी करतो आहोत त्यांना त्या क्षणी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसवावे, पण फार जवळ नको. तिखटाचा ठसका लागतो.

त्यावर दोन चमचे दाण्याचे बारीक कूट, अर्ध्या लिंबाचा रस, कोथिंबीर आणि बाजूला ठेवलेले थोडे पाणी घालून सारे ढवळावे. सोया सॉस हवाच असेल तर अर्धा लहान चमचा, त्याहून थेंबभर अधिक नाही. पंधरा मिलिलिटर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. आप्पांच्या वाडग्यात मी एक अंडे फेटून नूडल्सच्या पाण्यातच घट्ट शिजवून घालते, त्याने सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने वाढतात. अंडे न खाणाऱ्यांनी पनीर कुस्करून घालावे. म्हातारपणी स्नायू झिजतात, म्हणून नुसता पिठाचा पदार्थ पुढे ठेवण्यात अर्थ नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिने किती घ्यावीत ते डॉक्टरांनाच विचारावे. आणि अशा रुग्णांना 'कमी सोडियमचे मीठ' परस्पर देऊ नये. त्यात पोटॅशियम असते, ते त्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घातक ठरू शकते. मधुमेह असेल तर हे पूर्ण जेवण समजावे, जेवणावरचा खाऊ नव्हे.

नूडल्स हे नावच ज्यांना परके वाटते, अशी मंडळी आपल्या घरी असतील. त्यांच्यासाठी याच रीतीने गव्हाच्या शेवया करता येतात. कोरड्या भाजून, मग उकडून. आणि खरे पाहता, हुलग्याच्या पिठाचे वळून लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेले शेंगोळे म्हणजे तरी दुसरे काय? उन्हाळ्यात गव्हले, नखुले, मालत्या वळणाऱ्या आपल्या आज्यांना पिठाला आकार देण्याची कला कोणा परदेशी माणसाने शिकवावी लागली नव्हती. परकी होती ती मिरची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेली. तिला आपण केव्हाच घरची करून घेतले.

ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे, पार्किन्सन्स आहे, किंवा पाणी पिताना ठसका लागतो, त्यांना हा पदार्थ तज्ज्ञांनी गिळण्याची तपासणी केल्यावाचून देऊ नये. पातळ रस आणि घन तुकडा एकाच घासात सांभाळणे त्यांना अवघड जाते आणि घास श्वासनलिकेत उतरू शकतो. इतरांनीही ताठ बसून खावे, घास तोंडात असताना त्यांना बोलते करू नये, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. औषधांमुळे ज्यांचे तोंड कोरडे पडते, त्यांना थोडे तिखटही झोंबते. अशा वेळी पाणी देऊन उपयोग नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. वाटीभर दही किंवा दूध जवळ ठेवावे.

आप्पांना आम्ही हा वाडगा आठवड्यातून दोनदा देतो, दुपारी, रात्री कधीच नाही. चार महिन्यांत दीड किलो वजन परत आले. ते केवळ नूडल्सने आले असे मी म्हणणार नाही. त्यानंतर आमटीतही चिंच परतली, भाकरीबरोबर बिनमिठाचा तिळाचा कूट आला, आणि जेवणाच्या वेळी कोणीतरी त्यांच्यासोबत बसू लागले. मागच्या रविवारी मात्र त्यांनी वाडग्याकडे पाहून विचारले, "आज लसूण कमी का?" मला फार बरे वाटले.

एक राहिलेच. लसूण-तिखटाचे तेल एकदाच बरणीभर करून ठेवण्याचा मोह होईल. कच्चा किंवा अर्धवट तळलेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवला, तर हवा न लागणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, आणि त्याचा ना वास येतो ना चव कळते. तेव्हा तीन चमचे तेल दर वेळी ताजेच तापवावे.