पनवेल बंदर ते भाऊचा धक्का

त्या दिवशी अष्टमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आजोबांनी मला शाळेत पाढे पाठ होण्याच्याही आधी शिकविला होता. आठाची पाऊणपट सहा, म्हणून बरोबर सहाच्या सुमारास मी पनवेलच्या कोळीवाड्याखालच्या बंदरावर जाऊन उभा राहिलो. भांगाचे पाणी ते, कितीसे चढणार! गाळाने उथळ झालेल्या खाडीत तिवरांच्या मुळांपर्यंत ते कसेबसे पोचले आणि तेथेच स्थिरावले. खुंट्यांना बांधलेल्या तीन-चार होड्या होत्या, आणि एक वृद्ध कोळी जाळे सांधीत बसला होता. मोठी गलबते येथवर येत असत ना, असे विचारताच त्याने मान वर न करता उत्तर दिले, “यायची. उधाणाला आत, भांगाला बाहेर.”

या चार शब्दांत पनवेलचा सारा पूर्वेतिहास आला. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबईहून पनवेलपर्यंत जलमार्गाने आणि पनवेलहून पुण्यापर्यंत खुष्कीने, अशी मालाची वहिवाट पडली होती. घाट उतरून देशावरून येणारी बहुतेक प्रत्येक बैलगाडी परतताना येथून चाकांची नवी जोडी घेऊन जात असे, आणि चाके घडविणे हा या गावाचा नामांकित धंदा होता. 1863 साली आगगाडी घाट चढून गेली, तेव्हा देशावरचा माल तिच्याबरोबर निघून गेला. पण किनाऱ्याकिनाऱ्याने चालणारा व्यापार टिकून राहिला, आणि त्याच व्यापाराच्या एका पेढीवर माझे आजोबा मुनीम होते. मंगळुरी कौले, मलबारचे नारळ, उरणचे मीठ आणि आमच्या तालुक्याचे भात यांची आवक-जावक ते लिहीत. गलबताच्या तांडेलाने रवाना दाखवावा, मुकादमाने हमालांना हाक द्यावी, आणि मग प्रत्येक गोणी एका माणसाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर जात वखारीत यावी, असा तो क्रम असे. गोणीला नुसता हात लावून आतले भात जुने की नवे, हे आजोबा सांगत, आणि कौलांवर बोट वाजवून तडकलेले कौल वेगळे काढीत.

उरणची एस. टी. धरली तेव्हा आठ वाजले होते. जासईपासून पुढे आमच्या गाडीच्या दोन्ही अंगांना ट्रेलरांची अखंड रांग होती, आणि प्रत्येकावर एकाच मापाचा, कुलूपबंद, मोहोर केलेला लोखंडी डबा. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने असले 58 डबे ‘आयडियल एक्स’ या जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडले, तेव्हापासून माल बोटीत भरण्याची हजारो वर्षांची रीत पालटू लागली. आमच्या बाजूस ती पालटली 26 मे 1989 रोजी, न्हावा-शेवा बंदर सुरू झाले तेव्हा. त्यासाठी ज्या शेवे गावाला आपली जागा सोडून अन्यत्र वसावे लागले, त्याचे नाव बंदराला उरले. हे मला प्रत्येक वेळी खुपते, आणि त्या रस्त्याने जाताना ते न बोलता पुढे जाणे मला जमत नाही.

उरणला उतरून मोरा बंदर गाठले, आणि तेथून मुंबईची लाँच सुटली. वारा पडलेला होता. घारापुरीचा डोंगर उजव्या हाताला ठळक होऊ लागला, आणि त्याच्याही पलीकडे, मागे, शेव्याच्या धक्क्याला लागलेले एक जहाज दिसले. किंबहुना प्रथम मला ते जहाज वाटलेच नाही, इमारतींची एखादी ओळच पाण्यावर उभी आहे असा भास झाला. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी, जे त्याच बंदरात नोकरी करून निवृत्त झाले होते, त्याची लांबी साडेतीनशे मीटरांच्या वर असल्याचे सांगितले. आज जगात याहूनही मोठी जहाजे आहेत. ‘एमएससी इरिना’ जवळजवळ 400 मीटर लांब असून वीस फुटी मापाने मोजल्यास 24,346 डबे वाहून नेऊ शकते. मी मनाशी हिशेब मांडला: असे तीन डबे एकापुढे एक ठेवले, की आजोबांच्या वेळच्या चांगल्या मोठ्या फत्तेमारीची लांबी भरते. त्या फत्तेमारीवर तांडेल धरून आठ-दहा माणसे असत, आणि या पर्वतप्राय जहाजावर किती असतात, असे विचारता ते गृहस्थ म्हणाले, “वीस-पंचवीस. फार नाही.”

“आणि डब्यात काय आहे, हे त्यांना ठाऊक असते?”

“कागदावर असते. धोकादायक माल असेल तर जागा निराळी द्यावी लागते, वजनाचाही तपशील लागतो. बाकी उघडून कोण पाहतो?”

हे ऐकून मी बराच वेळ गप्प राहिलो. जुन्या जहाजांचे गोडवे गाण्यास मी निघालो नव्हतो. आगोट लागली की गलबते किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारीत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद होई, कारण पावसाळी वाऱ्यापुढे शिडाचे काही चालत नसे. अवेळी वादळ आले तर गलबतासह घरची कर्ती माणसे जात, आणि अशा घरांची नावे आजोबा हलक्या आवाजात घेत. हे पलीकडचे जहाज श्रावणातही येते, दिवस-रात्र रिकामे होते आणि निघून जाते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील तीन डोलकाठ्यांचे, रांजणांनी भरलेले तारू ज्या चित्रकाराने रेखाटले, त्याने हे पाहिले असते तर थक्क होऊन हात जोडले असते, आणि मीही मनोमन जोडले. परंतु त्याच्या चित्रात रांजण दिसतात! जे वाहून न्यायचे, ते डोळ्यांसमोर आहे. पनवेलच्या बंदरात गलबत शिरले की कौले आली, नारळ आले, हे गावातील पोरासोरांना वासावरून, रंगावरून समजे, आणि खलाशी तीन-चार दिवस गावात राहून देवळात, बाजारात, ओळखीच्या ओसरीवर बसत. शेव्याच्या जहाजाला गाव नाही. त्याच्या खलाशाने दुरून दिवे पाहावेत आणि माझ्यासारख्याने दुरून डबे मोजावेत, एवढाच उभयतांचा परिचय. आणि माझ्या स्वतःच्या घरातील निम्म्या वस्तू त्याच डब्यांतून आलेल्या असणार, हे मला त्या क्षणी फार प्रकर्षाने जाणवले.

भाऊच्या धक्क्याला लाँच टेकली. खलाशाने दोर फेकला, फळी टाकली, माणसांची एकच घाई उडाली. माझ्यापुढे एक कोळीण सुकटीची भरलेली पाटी घेऊन अडून उभी होती. “काका, जरा हात लावता?” तिने विचारले. मी पिशवी खांद्याला अडकवून पाटीची एक कड धरली. ती वाटली होती त्याहून पुष्कळच जड होती. “सावकाश,” ती म्हणाली, आणि चुंबळ नीट करून तिने डोके पाटीखाली दिले.